दोन वर्षांचं पोर आणि फाल्गुन-चैत्र: काय करायचं, काय टाळायचं

माझ्या मेहुण्याचं पोरगं आता दीड वर्षाचं झालंय आणि गेल्या आठवड्यात त्याचा फोन, की दाजी, होळी आली, पाडवा आला, ऊन तापायला लागलं, तुम्ही गेल्या वर्षी ठमीला घेऊन नक्की केलं काय ते सांगा. अर्धा तास सांगितलं, त्यातलं निम्मं तो फोन ठेवताच विसरला असणार, म्हणून एकदाच लिहून काढतोय. ठमी हे घरातलं नाव, खरं नाव फक्त लसीकरणाच्या कार्डावर आहे. गेल्या मार्चमध्ये ती बावीस महिन्यांची होती. आम्ही पुण्यात कोथरूडला टेकडीच्या पायथ्याशी राहतो, नवराबायको दोघंही नोकरीवाले, आणि आई, म्हणजे ठमीची आजी, आमच्याकडे असते. आजी घरात असली की निम्मं काम सोपं होतं आणि उरलेलं निम्मं अवघड, ते पुढे येईलच.

आधी कोकिळाचं बघा

आमच्याकडे वसंत कॅलेंडरवर येत नाही, पहाटे पावणेपाचला येतो. फेब्रुवारी सरत आला की बिल्डिंगमागच्या आंब्यावर हा पठ्ठ्या येऊन बसतो (ओरडणारा नर असतो, काळा कुळकुळीत, मादी तपकिरी ठिपक्यांची) आणि एकेक सूर वर चढवत नेतो, चढवत नेतो, मग गप्प, तुम्हाला वाटतं संपलं, की पुन्हा खालून सुरू. ठमी उठून बसायची, अंधारात बोट वर करून म्हणायची "कूऊ", आणि मग झोप खलास, तिची पण आणि आमची पण.

खिडक्या बंद करून पाहिल्या तर उकडायला लागलं, पंखा पाचवर ठेवला तर आई म्हणाली सर्दी होईल. शेवटी कोकिळाशी भांडायचं सोडलं आणि रात्र अलीकडे आणली. डब्ल्यूएचओचा २०१९चा सल्ला आहे ना, एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसाची झोप धरून ११ ते १४ तास झोप हवी, त्याचा साधा हिशोब केला. पाचला उठणार असेल तर रात्री आठला गाई, दुपारी दोन तास, झाले अकरा. आधी ती साडेनऊला झोपायची, ते एकदम आठवर आणू नका, रोज दहा-पंधरा मिनिटं मागे घ्या, आम्हाला आठवडाभर लागला. जेवण साडेसहाला, ज्याला आई आजही म्हणते की ही काय जेवायची वेळ आहे का.

पण यातून एक फायदा झाला तो असा की आमच्या हातात सकाळ आली. मार्चमध्ये पुण्यात पावणेसातच्या आसपास उजाडतं आणि साडेनऊनंतर बाहेर लहान पोराला घेऊन फिरण्यात अर्थ नसतो. म्हणजे जे काही बाहेरचं करायचं ते या अडीच तासांत, नाहीतर थेट संध्याकाळी साडेपाचनंतर. मधला सगळा वेळ घरात.

फिरायला जाताना मान खाली

हे मला उशिरा कळलं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या दिवशी तिला मोठ्या हौसेने काटेसावर दाखवायला नेलं. आमच्या रस्त्याच्या टोकाला जुनी सावर आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये पान नसतं एक आणि लालभडक फुलांनी नुसती लगडलेली असते. मी बोट वर करून सांगतोय, बघ बघ, लाल लाल फुलं, आणि ही माझ्या बोटाकडे बघतेय. मग बोटावरच्या चिकटपट्टीकडे. मग रस्त्यावरच्या भुभूकडे. पाच मिनिटं मी वर दाखवत होतो आणि तेवढ्यात शेजारी धप्प आवाज झाला. सावरीचं फूल पडताना खरंच धप्प होतं, चांगलं जाडजूड मांसल फूल असतं, तळहातात मावत नाही. ठमी दचकली, मागे सरकली, मग उकिडवी बसली. एका बोटाने ढकललं. फूल गोल फिरलं. पुन्हा ढकललं. मग एक पाकळी ओढली, ती निघेना, दोन्ही हातांनी ओढली, निघाली तशी स्वतःच मागे बुडावर पडली, आणि पाकळी माझ्याकडे करून म्हणाली "घे". पुढची वीस मिनिटं आम्ही तिथून हललो नाही. वरचं झाड तिने शेवटपर्यंत पाहिलं नाही.

तर मुद्दा असा की पावणेतीन फूट उंचीच्या माणसाचा वसंत झाडाखाली असतो. आपण मान वर करून मोहोर बघतो, पोरं पडलेलं बघतात. एकदा हे कळलं की फिरणं सोपं होतं, कारण मग टेकडीवर वरपर्यंत जायची गरजच उरत नाही, एक झाड पुरतं. आम्ही ठरवलेला बेत आता निम्मा करतो आणि वेळ दुप्पट धरतो.

या दिवसांत खाली काय काय सापडतं ते सांगतो. पिंपळाची जुनी पानं, वाळलेली, पायाखाली कुरकुर वाजणारी, ठमी त्यावर नुसती थयथय नाचते, आणि वर पाहिलंच तर त्याच पिंपळाला तांबूस चकचकीत नवी पालवी. आंब्याचा गळलेला मोहोर, आणि मार्चअखेर वाटाण्याएवढ्या गळलेल्या कैऱ्या (या उचलून लगेच खिशात टाका, घशात अडकायच्या मापाच्या असतात). कडुलिंबाची पांढरी बारीक फुलं, एप्रिलमध्ये सकाळी गाडीच्या काचेवर सडा पडलेला असतो, बोटाने त्यात रेघोट्या ओढता येतात. आणि सावरीखालचे तांबडे किडे, काळ्या खुणांचे, जे पाठीला पाठ चिकटवून जोडीने चालतात, एक पुढे ओढतो आणि दुसरा बिचारा उलटा मागे. ठमीने याचं नाव "झुकझुक" ठेवलंय. ते काही करत नाहीत, चिरडले तर घाण वास येतो इतकंच.

आवाज ऐकवायचे असतील तर कोकिळापेक्षा तांबट बरा. टुक टुक टुक टुक, एका लयीत, तासन्‌तास. भांड्यांवर ठोके पडल्यासारखा आवाज म्हणून तांबट नाव. आम्ही घरी येऊन पातेल्यावर चमच्याने तेच करतो, खालच्या मजल्यावरच्या काकू अजून काही बोलल्या नाहीत.

आता सावधगिरीचं, हे मात्र गंमत सोडून वाचा. फूल उचलायच्या आधी झटका, आत मधमाशी किंवा मुंगळे असतात. सावरीच्या आणि पांगाऱ्याच्या खोडाला काटे असतात, हात टेकवू देऊ नका. उंच सावरीवर आग्या मोहोळाची पोळी लटकलेली असतात, तसं झाड दिसलं तर तिथून मुकाट्याने पुढे. कण्हेर आणि बिट्टी (तीच पिवळी घंटेसारखी फुलं, जिच्या बियांनी आपण लहानपणी खेळलो) दोन्ही चांगलीच विषारी, सोसायट्यांच्या कुंपणाला हमखास लावलेली असतात, तिकडे पोराला मोकळं सोडू नका. टेकडीवर जे गुलाबी-पांढरं गिरिपुष्प फुललेलं असतं त्याला उंदीरमारी उगाच म्हणत नाहीत. घाणेरीची हिरवी फळंही नकोत. आमचा साधा नियम असा, की हातात काहीही घे, तोंडात काही नाही, आणि तोंडात घालायची हुक्की आलीच तर माझ्या खिशात चपातीचा रोल असतो. उपाशी पोर सगळं चाखून बघतं, म्हणून आधी थोडं खायला घालून निघायचं.

सोबत फार काही नेऊ नका. पाण्याची बाटली, एक पंचा (घाम, नाक, बसायला, डोक्यावर, सगळ्याला चालतो), चपाती, जादा चड्डी. स्ट्रॉलर आम्ही दोनदा नेला आणि दोन्ही वेळा मी रिकामा स्ट्रॉलर ढकलत आलो, ठमी कडेवर.

आणि परत कसं आणायचं? "चल घरी" म्हटलं की रस्त्यात लोळण. त्याऐवजी काम द्या. आमच्याकडे काम म्हणजे लिफ्टचं बटण आणि कुलूप. "चावी कोण लावणार?" म्हटलं की हातातलं सगळं टाकून "मीमीमी" करत निघते. फक्त मग चावी खरंच तिला लावू द्यायची, घाई असली तरी. एकदा उशीर होत होता म्हणून मीच दार उघडलं तर ते पुन्हा लावून, कुलूप घालून, परत उघडावं लागलं, त्यात दहा मिनिटं गेली.

होळी आणि रंग

गेल्या वर्षी (२०२५) होळी १३ मार्चला होती, रंगपंचमी १९ला. होळीला आम्ही सोसायटीच्या होळीपासून चांगले लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभे राहिलो, धूर डोळ्यांत गेला की पोर अख्खा सण रडत काढतं. दहा मिनिटं, नमस्कार, नारळ टाकताना बघितलं, घरी. पुरणपोळी तिने नुसतं पुरण उकरून खाल्लं आणि पोळीची टरफलं आजीच्या ताटात ठेवली.

बोंब मारायला शिकवू नका. म्हणजे शिकवा, परंपरा आहे, पण परिणामांची तयारी ठेवा. आजीने तिला तोंडावर हात मारून बोंब कशी मारायची ते दाखवलं, आणि पुढचे दोन आठवडे ती लिफ्टमध्ये, किराणा दुकानात, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये आणि माझ्या क्लायंट कॉलमध्ये बोंब मारत होती. पाडव्यापर्यंत उतरलं ते.

रंग घरी करणं अजिबात अवघड नाही, आणि या वयाला दुकानातला रंग नकोच, कारण हात पाच सेकंदांत तोंडात जातो. तीन रंग पुरतात.

केशरी पळसाचा. होळीच्या आधी मंडईकडच्या काष्ठौषधींच्या दुकानांत वाळलेली पळसफुलं मिळतात. दोन मुठी फुलं, दोन लिटर पाणी, दहा मिनिटं उकळायचं, रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी पंचातून गाळायचं. सुंदर केशरी-पिवळं पाणी होतं. स्वतः झाडाखाली वेचून आणायचा माझा बेत होता, पळसाला पानं तीन म्हणतात, आम्हाला फुलंही तीनच मिळाली, त्यातली दोन ठमीने वाटेत टाकली.

गुलाबी बिटाचा. एक मध्यम बीट किसून लिटरभर पाण्यात रात्रभर. किंवा बिटाचा रस कॉर्नफ्लोअरमध्ये कालवून, सावलीत वाळवून, मिक्सरमधून काढला की कोरडा गुलाल तयार.

पिवळा म्हणजे दोन वाट्या बेसनात एक वाटी हळद. याचे कपडे वेगळे काढून ठेवा, डाग पडतात. आणि इथे एक जादू फुकट मिळते. हळदीचा डाग साबणाने धुवायला घेतला की तो लालभडक होतो, साबणाच्या खाराने होतं ते. मी बाथरूममध्ये तिचा पिवळा झालेला झबला धुवायला घेतला, साबण लावला आणि कापड लाल, ठमी ओरडली "बाऊ!", तिला वाटलं कापडाला लागलं. फुंकर मारायला लागली. पाण्यात खळबळलं की पुन्हा पिवळा. मग तिला कळलं आणि तिने ते अकरा वेळा करायला लावलं. उरलेला डाग कडक उन्हात दोन दिवस वाळत घातला की जवळजवळ जातो.

खेळायच्या आधी अंगाला आणि केसांना खोबरेल तेल चोपडा, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे घाला, आणि रंग आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा. घरचा असला म्हणून कुणाला काही होणारच नाही असं नसतं, बेसन-हळदही डोळ्यात गेली की झोंबतेच. डोळ्यात गेलंच तर चोळू न देता साध्या पाण्याने भरपूर धुवायचं. फुगे नकोत, फुटलेल्या फुग्याचा रबराचा तुकडा घशात बसला तर फार वाईट. आम्ही बाल्कनीत घमेल्यात केशरी पाणी ओतलं, एक मग दिला, आणि रंगपंचमी आमची तेवढीच झाली. खाली सोसायटीत डीजे होता, तिकडे गेलोच नाही, पिचकारीवाल्या मोठ्या पोरांना काय सांगणार की हिच्यावर हळू मारा. ठमीने सगळा रंग स्वतःवर ओतून घेतला, शेवटचा मग आजीच्या पायावर, आणि आजी म्हणाली पाय धुतले गं नातीने.

घमेलं, बादली, टब, काहीही असो, खेळ संपला की त्याच क्षणी उपडं. चार बोटं पाण्यातही एवढं लहान मूल बुडू शकतं, आणि आवाज होत नाही. फोन वाजला तर फोन वाजू दे, नाहीतर पोराला उचलून घेऊन जा.

मधली दुपार

साडेनऊ ते साडेपाच घरात. पडदे ओढायचे, ओला पंचा खिडकीला, अंगात सुती झबलं नाहीतर नुसती चड्डी. पाणी मागत नाहीत ही पोरं, विसरतात, म्हणून दर थोड्या वेळाने समोर धरायचं. आईने माठात वाळ्याची जुडी टाकली आणि ठमीला छोटं पितळी फुलपात्र दिलं, तेव्हापासून पाणी हा खेळ झाला, निम्मं पोटात आणि निम्मं फरशीवर, पण निम्मं तरी पोटात.

खायला कलिंगड (बिया काढून), काकडी लांब चिरून, ताक, दहीभात. द्राक्षांचा सीझन असतो, नाशिकची छान गोड येतात, पण अख्खं द्राक्ष या वयाला अजिबात नाही, उभी चार फोडी करूनच. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, लाह्यांतले अख्खे दाणे, हे सगळं अजून दोनतीन वर्षं लांब. यावरून माझं आणि आईचं वाजलं. ती म्हणते तुम्हाला सगळं खायला घातलं, तुम्ही मेलात का. मी म्हटलं आई, दाण्याचा कूट घाल ना, चव तीच. आता कूट चालतो, भांडण मिटलं, तिने कूट मात्र इतका बारीक केला की लोणी झालं.

दुपारी झोपून उठल्यावरचा तास सगळ्यात वाईट. पोर चिडलेलं, बाहेर आग, आणि हात आपोआप मोबाइलकडे जातो. दोन वर्षांखाली स्क्रीन जवळजवळ नकोच म्हणतात, आम्ही शंभर टक्के पाळलं असं खोटं सांगणार नाही. पण त्या तासासाठी एक-दोन गोष्टी हाताशी ठेवल्या की बरं पडतं. एक म्हणजे मेथी पेरणं. पसरट डब्यात माती, मूठभर मेथीदाणे रात्री भिजवून सकाळी पसरायचे, वर थोडी माती. तीन-चार दिवसांत कोंब वर येतात, तेवढाच धीर या वयाला असतो. आंब्याची कोय लावली तर वाट बघून तुम्हीही विसराल. ठमी रोज पाणी घालायची, म्हणजे पूर यायचा, तरी मेथी आली, आणि तिसऱ्या दिवशी तिने सगळे कोंब उपटून मला आणून दिले. "घे." पुन्हा पेरली.

दुसरी गोष्ट मोगरा. एप्रिलमध्ये बाल्कनीतल्या कुंडीत कळ्या धरतात. तोडायच्या नाहीत, मोजायच्या. तिला मोजता येत नाही, "एक, दोन, दोन, दोन", पण वीस मिनिटं जातात.

या दिवसांत कांजण्याही फिरतात, पाळणाघरात एकाला आल्या की रांग लागते. ताप आणि अंगावर पाण्याचे फोड दिसले तर डॉक्टर, आणि स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन वगैरे काही द्यायचं नाही. लसीचं कार्ड एकदा काढून बघून घ्या, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत असतो, सणांच्या गडबडीत राहून जातो, आमचा राहिला होता.

पाडवा

पाडव्याला (गेल्या वर्षी ३० मार्च, रविवार, नशीब) सकाळी गुढी उभारायची घाई आणि पायात पोर. तिला बाजूला बसवायचा प्रयत्न केला की ती साडी ओढणार, म्हणून तिलाच काम दिलं. आंब्याची पानं एकेक करून आईच्या हातात देणे. हे काम तिने इतकं मन लावून केलं की तोरण झाल्यावरही देत राहिली, शेवटी तिच्यासाठी बुटाच्या कपाटाला वेगळं तोरण बांधलं.

गुढी उभी राहिली आणि तिने वर बघितलं, आयुष्यात पहिल्यांदा मी दाखवलेलं काहीतरी वर बघितलं, आणि उपड्या तांब्याकडे बोट करून म्हणाली "मम". तहान लागली होती. तांब्या हा पाण्याचा, तो वर का लटकवलाय, हा तिचा प्रश्न रास्तच होता. फुलपात्रात पाणी दिलं तरी नाही, त्यातलंच हवं. मग दुसरा तांब्या.

कडुलिंबाचा प्रसाद आमच्याकडे कोवळी पानं, फुलं, गूळ, ओवा, चिंच, भिजवलेली हरभऱ्याची डाळ असा वाटतात. तिला बोटाच्या टोकाला लावून चाटवला. चेहरा असा आक्रसला की बायकोने फोटो काढेपर्यंत जीभ पुसायला माझा कुर्ता वापरून झाला होता. एवढा चालतो. कडुलिंबाचं तेल मात्र बाळांच्या पोटात अजिबात नको, ते खरोखर घातक आहे, कुणी कितीही खात्रीने सांगू दे.

गाठी. हौसेने गळ्यात घालतात, आजीने पण घातली. दोन गोष्टी लक्षात ठेवा. दोरा गळ्यात ठेवून पोर झोपू देऊ नका, खेळू देऊ नका, फोटो झाला की काढा. आणि साखरेचं पदक चोखायला दिलं तर अख्खं द्या, समोर बसून, तुटलेला तुकडा लगेच काढून घ्या, कडक असतो आणि घसरतो. ठमीने अर्धा तास चाटलं आणि मग ते कुठेतरी ठेवलं. कुठे ते रात्री दीड वाजता कळलं, तिच्या उशीखाली, मुंग्यांची रांग खिडकीपासून उशीपर्यंत आलेली. मध्यरात्री चादरी बदलल्या, गादी झटकली, आणि एवढ्यात पावणेपाच झाले. कूऊ.

कैरी

पाडव्यानंतर तिजेला चैत्रगौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, महिनाभर कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू. म्हणजे पोराला घेऊन जायला आयती जागा, चार बायका गाल ओढणार, हातावर कैरीची डाळ ठेवणार. ती डाळ कच्ची भिजवून भरड वाटलेली असते, मोठ्यांना छान, या वयाला पोटात गुबारा. घरी करताना ठमीची डाळ आधी दहा मिनिटं वाफवून मग वाटतो, मिरची वगळून, कैरी आणि फोडणी तीच. तिकडे दिलीच तर चमचाभर, आणि ओटीतले ओले हरभरे आपण खायचे.

पन्ह्याला एक मोठी तोतापुरी कुकरला दोन शिट्ट्या, गार झाली की गर कोळायचा, जितका गर तितकाच गूळ (आई दुप्पट घालते), वेलची, चिमटी मीठ. पोराला यातलं दोन चमचे अर्ध्या कप पाण्यात. दोन वर्षांच्या आत गोडाची सवय नको म्हणून रोज देत नाही, सणाचं म्हणून. खरी गंमत पन्ह्याच्या आधी आहे. कैरीची एक पातळ फोड तिच्या हातात द्या, आणि नुसते बघा. चाटते, एक डोळा मिटतो, खांदे कानाला लागतात, अंगावर शहारा, फोड लांब धरते, रागाने तिच्याकडे बघते, आणि मग म्हणते "अजून". मीठ-तिखट लावायचं ते आपल्या फोडीला.

संध्याकाळ

साडेपाचला बागेत पळायची घाई करू नका. घसरगुंडी पत्र्याची असेल तर दिवसभर तापलेली असते, आधी आपला हात ठेवून बघा, आम्ही सहाच्या पुढेच बसवतो. सारसबागेत रविवारी गर्दी फार, त्यापेक्षा मधल्या वारी सकाळी. रोजच्याला घराजवळची कुठलीही बाग, जिथे माती आहे आणि सावली आहे. खेळण्यांचं फार काही नसलं तरी चालतं, ठमी गेला महिनाभर फक्त बागेच्या नळाखालच्या खड्ड्यात दगड टाकतेय.

आणि रात्री कपडे मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसे तपासा. हे मी तीनदा विसरलो. पाडव्याच्या आठवड्यात तिच्या एका फ्रॉकच्या खिशातून सावरीची सुकलेली पाकळी, तीन खडे, चपातीचा तुकडा आणि एक जिवंत झुकझुक निघालं. एकटंच होतं. दुसरं नंतर माझ्या शर्टाच्या खिशात सापडलं, धुतलेलं.